सिमेंटच्या पत्र्यातील अदृश्य तंतू

धुळ्याच्या जुन्या वस्त्यांतून जाताना छपरांकडे पाहा. कोठे मातीचे धाबे दिसेल, कोठे लोखंडी पत्रे, तर कोठे करड्या रंगाचे जाड, नागमोडी पत्रे. या शेवटच्या पत्र्यांना आपण 'सिमेंटचे पत्रे' म्हणतो. पावसाळा तोंडावर आला की त्यांची डागडुजी सुरू होते. कोणी भोके पाडतो, कोणी तडकलेला तुकडा हातोडीने फोडतो, कोणी शेवाळ खरवडतो. यांपैकी काहीही करू नये. का, ते समजून घेऊ.

पत्र्यात काय असते?

नुसत्या सिमेंटचा पातळ पत्रा चटकन मोडेल. मातीच्या गिलाव्यात बळकटीसाठी भुसा कालवतात, तसे जुन्या पत्र्यांच्या सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असतात. त्यांचे प्रमाण साधारण दहावा हिस्सा असते. ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे. त्याचा पांढरा प्रकार म्हणजे मॅग्नेशियमचे सिलिकेट. ते जळत नाही, कुजत नाही.

हे तंतू उभे चिरत जाऊन अधिकाधिक बारीक होतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाड असतो; हे तंतू पुष्कळदा एका मायक्रोमीटरहूनही बारीक असतात. ते हवेत तासन् तास तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात. तेथील संरक्षक पेशी लांब तंतू गिळू शकत नाहीत. त्यामुळे दाह होत राहतो, फुप्फुस घट्ट होते. फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोगही होऊ शकतो. मात्र रोग दिसायला बहुधा २० ते ४० वर्षे लागतात. म्हणूनच १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. घरोघरी पत्रे बदलणाऱ्या कारागिराची नोंद मात्र कोण ठेवणार?

मग घाबरायचे का?

नाही. पत्रा शाबूत असेल, तर तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. धोका धुळीत आहे; जितकी धूळ अधिक व जितकी वर्षे अधिक, तितका तो वाढतो. धूम्रपान करणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका आणखी मोठा.

काय करावे?

१. शाबूत पत्र्याला हात लावू नये. त्याला भोक पाडू नये, करवत किंवा तारेचा ब्रश लावू नये.

२. पत्र्यावर चढू नये. जुना पत्रा पायाखाली अचानक मोडतो.

३. पत्रा काढायचाच झाला, तर माहीतगार माणसाकडून काढवावा. आधी पाणी शिंपडून तो ओला करावा, बोल्ट सोडवून अखंड उतरवावा, वरून फेकू नये. काम चालू असताना मुलांनी दूर राहावे.

४. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. सूक्ष्म कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा.

५. पडलेला चुरा कोरड्या झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून फडक्यासह प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बंद करावा. कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

६. तुकडे रस्त्याच्या भरावात टाकू नयेत. त्यांचे काय करायचे, ते महानगरपालिकेला विचारावे.

करून पाहा

हाताशी येणाऱ्या पत्र्याला चुंबक लावा. चिकटला तर पत्रा लोखंडी. करड्या सिमेंटच्या पत्र्याला तो चिकटणार नाही. त्यात ॲस्बेस्टॉस आहे की दुसरे तंतू, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शकच हवा. म्हणून जुना पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चाला, आणि यंदा डागडुजीला कोणी हातोडी उचलण्याआधी घरच्या मोठ्यांना हे वाचून दाखवा.