पडदा बंद कोणी करावा?

शास्त्रपाठ : अनुवाद ६:४-९



मुलांच्या दूरदर्शनाचा विषय निघाला की आपण वडीलधारी माणसे सहज म्हणतो, "आमच्या वेळचे कार्यक्रम चांगले, आताचे वाईट." हे म्हणणे अर्धेच खरे आहे. म्हणून या पाठात आपण निराळा प्रश्न विचारू : पूर्वी पडदा बंद कोण करीत असे, आणि आता कोण करतो?

१. पूर्वीची रीत

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वाहिनी एकच आणि प्रक्षेपण मुख्यतः संध्याकाळचे. त्यात मुलांसाठी 'किलबिल' असे. विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' हा १९७४ सालचा लहानसा चित्रपट दूरदर्शनवर इतक्या वेळा दाखविला गेला, की एका पिढीला तो तोंडपाठ झाला. मुलांचा कार्यक्रम संपला की मोठ्यांचे कार्यक्रम लागत आणि मुले आपोआप उठत. थांबण्याची वेळ केंद्रच ठरवी.

तो काळही निर्दोष नव्हता. १९९३ साली 'जंगल बुक' रविवारी सकाळी लागू लागले. पुष्कळ मंडळ्यांत शब्बाथशाळेची वेळ तीच. मात्र तो अर्धा तास सरला की ओढ संपत असे.

२. आताची रीत

१९९५ साली कार्टून नेटवर्क व २००४ साली पोगो या मुलांच्या स्वतंत्र वाहिन्या भारतात आल्या. तरीही संच घरात सर्वांसमोर होता. २००८ साली पालकांच्या तक्रारींनंतर 'शिन-चॅन'चे प्रक्षेपण थांबले आणि पुढे काटछाट करून ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे तक्रार ऐकणारे कोणी तरी होते.

२०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि पडदा मुलाच्या हातात गेला. एक चित्र संपले की दुसरे न मागता सुरू होते. पूर्वीचा पहारेकरी निघून गेला. त्याची जागा आता आईबापांनीच घ्यावयाची आहे.

३. सचिनमधील आपली घरे

सुरतेजवळच्या या औद्योगिक वसाहतीत पोटापाण्यासाठी आलेली कित्येक कुटुंबे खानदेशातील आहेत. लूम आणि डाइंगच्या कारखान्यांत बारा-बारा तासांची पाळी असते. रात्रपाळी करून आलेल्या बापाला दिवसा झोप हवी, आईला स्वयंपाक उरकायचा असतो आणि खोली एकच. मूल गप्प बसावे म्हणून मोबाईल दिला जातो. अशा आईबापांना दोष देणे सोपे आहे, पण त्याने घर सुधारत नाही.

तोटा मात्र ओळखावा. गल्लीत गुजराती, पडद्यावर हिंदी. मराठी उरते ती आपल्या तोंडी. आपणच बोललो नाही तर मूल ती कोठून शिकणार? अनुवादातील वचन मुलांशी बोलण्याचे चार प्रसंग सांगते : घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. आज या चारही प्रसंगी मोबाईल मध्ये येऊन बसला आहे.

४. काय करता येईल?

(अ) जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की दोन वर्षांखालील बालकांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये. कमी तितके बरे.

(आ) पुढचे चित्र आपोआप सुरू होण्याची सोय मोबाईलमध्ये बंद करता येते. ती आजच बंद करावी.

(इ) काय व किती पाहावयाचे हे आधी ठरवावे. "एक गोष्ट, मग बंद" असे म्हटले तर तसेच करावे.

(ई) चारपैकी निजण्याची वेळ तरी मोकळी ठेवावी. पाळीमुळे एकाला जमले नाही तर दुसऱ्याने, नाहीतर आजीने गोष्ट सांगावी.

(उ) जेवताना मोठ्यांनीही मोबाईल बाजूला ठेवावा. मूल आपले ऐकण्याआधी आपल्याला पाहते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी पडदा बंद करण्याची वेळ कोण ठरवतो?
२. गेल्या आठवड्यात मुलाने काय पाहिले, हे आपल्याला सांगता येईल काय?
३. दोन्ही पालक कामावर असलेल्या घरातील मुलांना मंडळीतील शेजारी आठवड्यातून एक तास देऊ शकतील काय?

शिक्षकांनी तिसरा प्रश्न पालकसभेत अवश्य घ्यावा.