यलहंकाच्या आकाशात

बंगळूर शहराच्या उत्तरेस यलहंका नावाचे उपनगर आहे. तेथे भारतीय वायुदलाचा तळ आहे. 1996 सालापासून साधारणतः दर दोन वर्षांनी या तळावर ‘एअरो इंडिया’ नावाचा विमानांचा मेळा भरत आला आहे. 2025 साली तो 10 ते 14 फेब्रुवारी या दिवसांत भरला होता. शेवटचे दोन दिवस सर्वसामान्य लोकांसाठी राखून ठेवलेले असल्यामुळे त्यांपैकी पहिल्या दिवशी आम्ही तिघे जण भल्या पहाटे घराबाहेर पडलो. मी, सातवीत शिकणारा माझा मुलगा आणि माझे वृद्ध मामा.

मामांची सारी नोकरी बंगळूरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून झाली. त्या कारखान्याविषयी बोलताना त्यांचा स्वर अजूनही अभिमानाने भरून येतो. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1940 साली हा कारखाना उभारला, ही गोष्ट त्यांनी बसमध्येच मुलाला सांगितली. पुढे डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा विषय निघाला. घाटगे जर्मनीतील गॉटिंगेन येथे प्राण्टल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले आणि परत येऊन त्यांनी ‘एच. टी. 2’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान आखले. 1951 च्या ऑगस्ट महिन्यात ते प्रथम आकाशात गेले. मुलाचे लक्ष मात्र या इतिहासाकडे नव्हते. त्याला ‘सारंग’ पाहावयाचे होते. पंखांऐवजी डोक्यावर पाती फिरवीत, अंगावर मोर रंगविलेली ध्रुव हेलिकॉप्टरे एकमेकांजवळून नाचत जातात, असे त्याने चित्रफितीत पाहिले होते.

“आज सारंग दिसणार नाही, बाळ,” मामा म्हणाले.

मुलाचा चेहरा उतरला. “का, आजोबा?”

“सांगेन. आधी विमाने तर पाहा.”

तळाच्या फाटकाशी माणसांचा पूर लोटला होता. उन्हे चढू लागली होती, आणि सावली म्हणून कोठे नव्हती. मुलाने चॉकलेट खाऊन वेष्टनाचा कागद सहज खाली टाकला. मामांनी वाकून तो उचलला आणि खिशात ठेवला. “अशा ठिकाणी कचरा टाकू नये,” ते म्हणाले. “इंजिन हवेबरोबर समोरचे सारे काही आत ओढून घेते. एखादा खडा आत गेला तरी पात्यांच्या चिंधड्या होतात. म्हणून उड्डाणापूर्वी माणसे धावपट्टीवरचे खडे नि खिळे वेचून काढतात.” पक्ष्यांचेही तसेच. मांसाच्या तुकड्यांसाठी घारी घिरट्या घालू नयेत म्हणून मेळ्याच्या दिवसांत तळाच्या भोवतालची मांसविक्री बंद ठेवण्यात येते, हे मला तेव्हाच कळले.

प्रथम सुखोई-30 धावपट्टीवरून उठले. ही विमाने आपल्या नाशिकजवळच्या ओझर येथे जोडली गेली आहेत. ते समोरून गेले तेव्हा आवाज कोठेच नव्हता. विमान पुढे निघून गेले आणि मग आकाश फाटावे तसा गडगडाट मागून आला. “विमान पुढे नि आवाज मागे, असे कसे?” मुलाने विचारले. मी म्हणालो, “आवाज एका सेकंदात सुमारे 340 मीटर जातो. विमान एक किलोमीटर दूर असेल, तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत येण्यास तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ते कितीतरी पुढे गेलेले असते.” त्यानंतर प्रत्येक विमान दिसताच तो बोटांवर सेकंद मोजू लागला.

सुखोईने अंगच्या अंगी तीव्र वळण घेतले. अशा वळणात वैमानिकाला आपले शरीर कित्येक पटींनी जड वाटते. वळण सहापट ओढीचे असेल, तर 35 किलो वजनाच्या मुलाला आपले वजन 210 किलो झाल्यासारखे वाटेल. रक्त पायांकडे उतरते नि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून वैमानिक एक विशेष पोशाख घालतात. तो वेळेवर फुगून पाय व पोट आवळून धरतो. त्या वर्षी रशियाचे सुखोई-57 आणि अमेरिकेचे एफ-35 ही दोन्ही विमाने मेळ्यास आली होती, त्यामुळे माणसांची झुंबड तिकडेच अधिक होती. मला मात्र आपले लहानसे तेजस पाहताना अधिक आनंद झाला, हे कबूल करतो.

अखेर ‘सूर्यकिरण’ पथकाची वेळ झाली. तांबड्या-पांढऱ्या रंगांची नऊ हॉक विमाने एका बाणाच्या आकारात आली. ती जणू एकाच दोरीत ओवलेली होती. दोन विमानांमधले अंतर कधी कधी पाच मीटरांहूनही कमी असते. मामा म्हणाले, “प्रत्येकाची नजर शेजारच्या विमानावरच्या ठरावीक खुणेवर खिळलेली असते. खाली जमीन आहे की आकाश, हे पाहण्याचे काम पुढाऱ्याचे. बाकीच्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवायचा.” मागे सुटणाऱ्या शुभ्र पट्ट्याही धुराच्या नव्हेत, असे ते म्हणाले. इंजिनाच्या तप्त झोतात डिझेल सोडले की त्याची वाफ होते आणि बाहेरच्या थंड हवेत तिचे बारीक थेंब बनतात. दोन विमाने समोरासमोरून आली. लोकांनी श्वास रोखला. ती एकमेकांना घासून गेल्यासारखी भासली नि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मामांनी टाळ्या वाजविल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

“2019 च्या 19 फेब्रुवारीला,” ते हळूच म्हणाले, “याच आकाशात, मेळ्याच्या आदल्या दिवशी, सराव करताना या पथकाची दोन विमाने एकमेकांवर आदळली. विंग कमांडर साहिल गांधी गेले. दोघे वैमानिक आसनासह बाहेर फेकले जाऊन वाचले.”

मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने विचारले, “मग हे खेळ करतातच कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर सोपे नव्हते आणि मीही ते दिले नाही. मामांनी एवढेच सांगितले की, इंग्लंडमधील फार्नबरो येथे 1952 साली कवायत करणारे एक विमान हवेत फुटले. त्यातील दोघे आणि 29 प्रेक्षक मृत्युमुखी पडले. तेव्हापासून विमानांनी प्रेक्षकांपासून किती दूर राहावे, याचे नियम कडक झाले. “आता ही विमाने बघ,” ते म्हणाले, “आपल्या डोक्यावरून कोणी आले का? नियमांचा एकेक शब्द कोणाच्या तरी प्राणांनी लिहिला गेला आहे.”

“आणि सारंग?”

“5 जानेवारीला पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे एक ध्रुव कोसळले. तिघे गेले. कारण सापडेपर्यंत सारी ध्रुव हेलिकॉप्टरे जमिनीवर ठेवली आहेत. दोष एकात होता की सर्वांत, हे ठाऊक नसताना मेळ्यासाठी म्हणून ती उडवावयाची?” मामा थोडे थांबले. “आमच्या कामात मी कितीदा तरी ‘आज हे विमान उडणार नाही’ असे लिहून दिले आहे. वैमानिक चिडायचे. पण कागदावर सही माझी असायची.”

संध्याकाळी गर्दी ओसरू लागली तेव्हा हॉक विमाने खाली उतरून रांगेत उभी होती. वैमानिकांभोवती छायाचित्रे घेणाऱ्यांचा गराडा पडला होता. मामा मात्र मुलाचा हात धरून कुंपणाच्या दुसऱ्या टोकाशी गेले. तेथून काही तंत्रज्ञ हातात यादी घेऊन एका विमानाच्या पोटाखाली वाकलेले दिसत होते. एकजण ओळ वाची, दुसरा हात लावून पाही, मग पहिला खूण करी. मामा बराच वेळ उभे राहिले. आम्ही शेवटच्या बसने परतलो.

मे महिन्याच्या आरंभी सैन्य आणि वायुदल यांच्या ध्रुव हेलिकॉप्टरांना पुन्हा उड्डाणाची परवानगी मिळाल्याचे वर्तमान आले. मुलाने ते वाचले आणि लगेच बंगळूरला मामांना दूरध्वनी केला.

“आजोबा, कारण सापडले का हो?” त्याने पहिला प्रश्न विचारला.