ओढतो किती आणि पेलतो किती

द्राक्षबागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेतलास, चांगलं केलंस. बागेच्या ओळीत त्याच्याइतकं सोयीचं यंत्र नाही. पण आता तू त्याच्यामागे ट्रॉली लावून रस्त्याला निघणार म्हणतोस, म्हणून थोडं सांगून ठेवतो. नीट ऐक. यातल्या काही चुका माणसाला दुसऱ्यांदा करायला मिळत नाहीत.

पहिली गोष्ट, एचपीवर भुलू नकोस. खालच्या गिअरमध्ये २४ एचपीचा ट्रॅक्टर सपाटीवर दोन टनांची ट्रॉलीसुद्धा हलवतो. हलली म्हणजे झेपली, असं वाटतं आणि तिथंच घात होतो. ट्रॉली थांबवायची, वळवायची, चढावर पुढची चाकं जमिनीवर ठेवायची, ही कामं ट्रॅक्टर स्वतःच्या वजनावर करतो. आणि तुझ्या ट्रॅक्टरचं वजन आहे ८०० किलोच्या आसपास.

दोन चाकांची ट्रॉली ड्रॉबारला दोन तऱ्हेनं त्रास देते. ती मागं ओढते, आणि दांडीवाटे आपलं काही वजन हुकावर टाकते. हूक मागच्या एक्सलच्याही मागं असतो, त्यामुळे हुकावर पडलेला प्रत्येक किलो पुढची चाकं थोडी उचलतो. सोपे आकडे घेऊन हिशोब मांडू. पुढच्या आणि मागच्या चाकांत दीड मीटर अंतर, हूक मागच्या एक्सलपासून ६० सेंटिमीटर मागं, आणि त्यावर २०० किलो भार. २०० गुणिले ०.६, भागिले १.५. पुढच्या चाकांवरचे ८० किलो गेले. आता चढावर ट्रॉली ३०० किलोच्या जोरानं मागं ओढतेय आणि हूक जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर आहे. त्यापायी आणखी ८० गेले. पुढं मुळात ३२० किलो होते, उरले १६०. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिलाच पाहिजे, हा पक्का नियम. ८०० चे २० टक्के म्हणजे १६०. बघ, काठावर आलास. चढावर ट्रॅक्टरचं स्वतःचं वजनही मागं झुकतं, ते यात धरलेलंच नाही. स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की समज, मर्यादा मागे पडली.

हाच हूक ७० सेंटिमीटरवर असता, तर त्या ओढीनं ८० ऐवजी १४० किलो काढून घेतले असते. म्हणून ट्रॉली खालच्याच भोकात जोडायची. दांडी जुळत नाही म्हणून हूक वर चढवू नकोस, दांडी बदलून घे.

ट्रॉली भरायची कशी, हे तुझ्या आजोबांना बैलगाडीनं शिकवलं होतं. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जायचं. पुढं जास्त झाला की बैल मानेनं दबायचे. म्हणून गाडी भरताना एकजण धुरेला हात लावून तोल बघायचा. ट्रॉलीतही तोच तोल सांभाळायचा, फक्त इथं मान वाकत नाही म्हणून कळत नाही. मागं ओझं झालं तर दांडी हूक वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक मारल्यावर घसरतात. पुढं ओझं झालं तर काय होतं ते वर सांगितलंच. भरलेल्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा, आणि तोही ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या हुकावरच्या भाराच्या आतच. पुस्तकात आकडा सापडला नाही तर डीलरकडून लेखी घे.

भार मोजणं अवघड नाही. वजनकाट्यावर भरलेली ट्रॉली अशी उभी कर की ट्रॉलीची चाकं काट्यावर आणि ट्रॅक्टर काट्याबाहेर. तो आकडा लिही. मग ट्रॉली सोडून, स्टँडवर तेवढ्याच उंचीला ठेवून पूर्ण काट्यावर घे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचं ओझं. एकदा शेणखताचं, एकदा क्रेटचं मोजून ठेवलंस की पुढं अंदाज चुकत नाही.

वाळू, खडी, मुरूम यांना मात्र अंदाज लावूच नकोस. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि एवढी वाळू चार टनांच्या पुढं जाते. पाव ब्राससुद्धा टनाच्या वर. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर तिचं भरलेलं वजन ट्रॅक्टरच्या दीडपटीवर जाऊ देऊ नये. तुझ्यासाठी ते १,२०० किलो, आणि त्यात रिकाम्या ट्रॉलीचं वजनही आलं. म्हणजे बांधकामाची वाळू तुझ्या ट्रॅक्टरचं काम नाही. शेजारी कितीही आग्रह करो, नाही म्हण.

मागं ओढायच्या फवारणीच्या ब्लोअरचंही लक्षात ठेव. ६०० लिटरची टाकी भरली की ६०० किलो पाणीच झालं. अर्धी टाकी चढ-उतारावर जास्त त्रास देते, कारण पाणी हलतं आणि हुकावरचं ओझं क्षणाक्षणाला बदलतं. बांध ओलांडताना वेग आणखी कमी ठेव.

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची नाही आणि क्लचवर पाय ठेवायचा नाही. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरव. आणि गिअर उतार सुरू होण्याआधीच टाक, मधेच बदलायला गेलास तर तेवढ्यात ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि दांडी आडवी येते. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल लॉकनं जोडलेले असलेच पाहिजेत. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओढायचं ते फक्त ड्रॉबारनं. झाडाचं खोड काढायचं असो की रुतलेली गाडी, साखळी मागच्या एक्सलला किंवा टॉप लिंकच्या जागेला कधीही बांधायची नाही. ओढ एक्सलच्या वर गेली की ट्रॅक्टर चाकांभोवती मागं उलटतो. त्याला साधारण दीड सेकंद लागतो, आणि पाऊण सेकंद गेल्यावर क्लच दाबून काही उपयोग नसतो. तेवढ्यात माणसाला काय होतंय हेही उमगत नाही. काळ्या मातीत ट्रॅक्टर स्वतःच रुतला तर चाकापुढं ओंडका टाकून पुढं काढू नकोस. चाक अडकलं की इंजिन चाकाऐवजी ट्रॅक्टरच फिरवतं. माती उकरून मागं काढ, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलाव. नायलॉनच्या दोरानं ओढू नकोस, तो ताणला जातो आणि तुटला की गोळीसारखा येतो. साखळी असली तरी तिच्या लांबीच्या आत कुणी उभं राहता कामा नये.

ट्रॅक्टरला रोल-बार असेल तर तो उभा ठेव आणि पट्टा लाव. रोल-बार नसेल तर पट्टा लावू नकोस.

शेवटी जोडणीचं. पिन ट्रॉलीसाठी केलेलीच वापर, सळईचा तुकडा नाही, आणि तिला खालून क्लिप लाव. ट्रॅक्टर मागं घेताना मजूर पिन हातात घेऊन ट्रॉली आणि चाकाच्या मध्ये उभा राहतो, ही सवय मोडून काढ. आधी ट्रॅक्टर पूर्ण थांबव, हँडब्रेक लाव, मग त्याला मध्ये बोलाव. दांडीवर, हुकावर किंवा मडगार्डवर कुणालाही बसू देऊ नकोस, घरचं पोर असलं तरी नाही.