युवा फुटबॉल स्पर्धांचा खर्च आणि अल्पखर्चिक पर्याय

फुटबॉल हा जगातील सर्वांत कमी साधनांत खेळता येणारा सांघिक खेळ मानला जातो. एक चेंडू, मोकळी जागा आणि चार दगडांची दोन गोलदारे एवढ्यावर खेळ सुरू होतो. मात्र खेळणे स्वस्त असले तरी स्पर्धेत उतरणे स्वस्त नसते. गुणवान खेळाडूचा पुढील मार्ग स्पर्धांतूनच जात असल्याने, स्पर्धेचा खर्च कोण सोसतो हा प्रश्न केवळ क्रीडाक्षेत्राचा न राहता समान संधीचा ठरतो.

खर्चाचे स्वरूप

युवा स्पर्धेचा खर्च दोन बाजूंनी पाहावा लागतो. आयोजकाला मैदानाचे भाडे, पंचांचे मानधन, प्रथमोपचार, पाणी व पारितोषिके यांची तरतूद करावी लागते. संघाला प्रवेश शुल्क, प्रवास, निवास, भोजन, गणवेश व बूट यांचा भार उचलावा लागतो. यांपैकी प्रवास आणि निवास या बाबी बहुधा सर्वांत जड असतात आणि त्यांचा खेळाच्या दर्जाशी थेट संबंध नसतो. मुलासोबत जाणाऱ्या पालकाची बुडालेली मजुरी हा खर्च तर कोणत्याच हिशेबात नोंदला जात नाही. मुलींच्या बाबतीत सुरक्षित निवास व सोबतीची व्यवस्था हा आणखी एक भार असतो. त्यामुळे दूरच्या स्पर्धेस नकार मिळण्याची शक्यता त्यांच्याच वाट्याला अधिक येते.

बाद पद्धत की साखळी पद्धत?

खर्चाची परिणामकारकता स्पर्धेच्या रचनेवर अवलंबून असते. बाद पद्धतीत १६ संघांच्या स्पर्धेत एकूण १५ सामने होतात आणि ८ संघ एकच सामना खेळून परततात. त्याच १६ संघांचे चार-चारांचे गट केले, तर गटसाखळीत २४ सामने होतात आणि प्रत्येक संघाला किमान ३ सामने मिळतात. पूर्ण साखळीतील सामन्यांची संख्या काढण्याचे सूत्र सोपे आहे : संघसंख्येला तिच्यापेक्षा एकने कमी असलेल्या संख्येने गुणून २ ने भागावे. त्यानुसार ८ संघांत २८ सामने होतात व प्रत्येक संघ ७ सामने खेळतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १८ जणांचे पथक दूरच्या स्पर्धेला गेले व एकूण ३६,००० रुपये खर्च झाले, असे समजू. पहिल्याच सामन्यात पराभव झाल्यास प्रत्येकाला एका सामन्यासाठी २,००० रुपये पडले. हेच पथक तालुक्यातील साखळीत सामन्यागणिक १,८०० रुपये खर्चून ७ सामने खेळले, तर एकूण खर्च १२,६०० रुपये, म्हणजे दरडोई प्रतिसामना १०० रुपये होतो. म्हणून स्पर्धेचे मूल्यमापन करताना एकूण खर्चाऐवजी 'प्रतिसामना खर्च' हा निकष अधिक उपयुक्त ठरतो.

देशातील अनुभव

भारतीय हवाई दलाच्या पुढाकाराने १९६० मध्ये सुरू झालेली सुब्रतो करंडक स्पर्धा ही देशातील प्रमुख आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा आहे. जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशा चढत्या पायऱ्यांमुळे ती दूरवरच्या शाळांपर्यंत पोहोचते. परंतु अशा रचनेत प्रत्येक पायरीवर बहुसंख्य संघ गळतात. वर्षभर सराव करून एकच सामना खेळणाऱ्या शाळेला नियमित स्पर्धात्मक खेळ अन्यत्र शोधावा लागतो.

याचे उत्तर काही ठिकाणी स्थानिक परंपरेनेच दिले आहे. कोल्हापुरात पेठा आणि तालमींचे संघ शहरातीलच मैदानावर परस्परांशी खेळतात. प्रवासाचा खर्च नगण्य राहतो आणि चुरस मात्र तीव्र असते. केरळच्या मलबार भागात सात खेळाडूंच्या संघांचा 'सेव्हन्स' फुटबॉल लोकप्रिय आहे. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. 'स्लम सॉकर' या नावाने वाढलेल्या या कार्यावर पुढे २०२२ मध्ये 'झुंड' हा चित्रपट आला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये बालकांसाठी 'गोल्डन बेबी लीग' हा उपक्रम हाती घेतला. लहान मैदान, कमी खेळाडू आणि अनेक आठवडे चालणारे स्थानिक सामने हे त्याचे सूत्र होते. जर्मनीतही २०२४-२५ च्या हंगामापासून बालगटांत लहान संघांचे खेळप्रकार देशभर बंधनकारक करण्यात आले.

अल्पखर्चिक पर्याय

पहिला पर्याय म्हणजे समूह साखळी. सायकलने किंवा पायी पोहोचता येईल अशा अंतरावरील सहा ते आठ शाळांनी आठवड्यातून एक सामना आळीपाळीने परस्परांच्या मैदानावर खेळावा. दुसरा पर्याय लहान मैदानांचा. १०० × ६४ मीटरच्या मैदानावर एका वेळी २२ जण खेळतात. त्याच जागेत पाच-पाच जणांच्या संघांसाठी चार छोटी मैदाने आखली, तर ४० मुले एकाच वेळी खेळतात आणि प्रत्येकाच्या पायाशी चेंडू अधिक वेळा येतो. तिसरा, एकदिवसीय मेळावा : सकाळी येऊन तीन-चार छोटे सामने खेळून सायंकाळी घरी परतल्यास निवासाचा खर्च उरतच नाही. चौथा, सामायिक साधने : चेंडू, जाळ्या व रंगीत अंगरखे समूहाने एकदाच विकत घ्यावेत आणि माजी खेळाडूंना पंचाचे प्राथमिक प्रशिक्षण द्यावे.

या पर्यायांना मर्यादाही आहेत. तुल्यबळ प्रतिस्पर्धी जवळपास नसतील, तर निवडक खेळाडूंची प्रगती खुंटते. सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूला पूर्ण मैदानाचा सराव आणि निवड समितीची नजर या दोन्हींची गरज असते. म्हणून मोठ्या स्पर्धा रद्द करणे हा उपाय नव्हे. पाया स्थानिक साखळीचा असावा, तीतून निवडलेला जिल्हा संघच दूरच्या स्पर्धेला जावा आणि त्याचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा, ही रचना अधिक न्याय्य ठरेल.

धोरणात्मक चौकट

'क्रीडा' हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत (नोंद ३३) आहे. बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांच्या विषयांमध्ये क्रीडांगणांचा समावेश आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगण व खेळसाहित्य अपेक्षिले आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीनुसार ग्रामीण व ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणावरील खर्च सामाजिक उत्तरदायित्वात धरता येतो. २००८-०९ मधील पंचायत युवा क्रीडा और खेल अभियान, त्यानंतरचे राजीव गांधी खेल अभियान आणि पुढे 'खेलो इंडिया' असा केंद्रीय योजनांचा प्रवास आहे. २००१ च्या राष्ट्रीय क्रीडा धोरणाच्या जागी जुलै २०२५ मध्ये 'खेलो भारत नीती' मंजूर झाली; क्रीडा ही लोकचळवळ व्हावी, हा तिच्या पाच आधारस्तंभांपैकी एक आहे.

लोकचळवळीची कसोटी पदकतालिकेत लागत नाही. आदिवासी पाड्यातील किंवा शहरी वस्तीतील मुलाला वर्षाकाठी किती सामने खेळायला मिळाले, यावर ती लागते. खिसा पाहून संघ निवडला जाऊ लागला, तर देश आपल्या गुणवत्तेचा मोठा भाग न पाहताच गमावतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बाद पद्धत व साखळी पद्धत यांची खर्च व संधी या दृष्टींनी तुलना करा.
२. १० संघांच्या पूर्ण साखळीत एकूण किती सामने होतील?
३. 'क्रीडा हा राज्यसूचीतील विषय असूनही केंद्राची भूमिका महत्त्वाची आहे.' चर्चा करा.