कार्बोरेटर: सफाई वेगळी, ट्यूनिंग वेगळं

एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. पण नरखेड-मोवाडकडे गॅरेज टाकणार असाल, तर जुन्या आरएक्स-१०० वालं गिऱ्हाईक सोडू नका.

जेटमध्ये तार घालायची नाही! भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते. क्लीनर मारा, हवा मारा, बस्स. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग साधारण दीड फेरा बाहेर. इंजिन गरम झालं की स्क्रू थोडा थोडा फिरवा. आवाज सगळ्यात चढेल तिथे सोडा, मग आयडलिंग खाली आणा.

गिऱ्हाईकासमोर चक्कर मारून प्लग दाखवा: काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, तपकिरी म्हणजे बरोबर. हे बघितलेला माणूस घासाघीस कमी करतो. म्हणून बिलावर सफाई आणि ट्यूनिंग वेगळं लिहा.