टिचकीचा खर्च आणि त्याची वसुली

बंगळुरूच्या आग्नेय भागात बेळ्ळंदूर हे पूर्वीचे एक खेडे आहे. शहरातील सर्वांत मोठा तलाव याच नावाने ओळखला जातो. बाह्य वर्तुळाकार मार्गालगत संगणक-उद्योगांची संकुले उभी राहिली, तशा तलावाच्या आसपासच्या जमिनींवर बहुमजली इमारती आल्या. २००७ साली शहराची हद्द वाढली आणि हे गाव महानगरात सामावले गेले. नोकरीनिमित्त देशाच्या सर्व भागांतून येणाऱ्या तरुणांना येथे घर हवे असते. ते मिळवून देणे हा अनेक मध्यस्थांचा, म्हणजेच दलालांचा, उदरनिर्वाह आहे. पूर्वी असा मध्यस्थ फाटकावर पाटी लावी आणि इमारतीच्या पहारेकऱ्याशी ओळख ठेवी. आता घर शोधणारा माणूस आपल्या गावी असतानाच मोबाईलवर शोध घेऊ लागतो. त्यामुळे मध्यस्थाची जाहिरातही तेथेच येते. या जाहिरातीचा खर्च वसूल होतो की नाही, हे त्याने कसे ओळखावे?

टिचकीमागे दर

या जाहिरातीचा मोबदला ती किती जणांना दिसली यावर नव्हे, तर कितींनी तिच्यावर टिचकी मारली, म्हणजे क्लिक केले, यावर ठरतो. ही पद्धत १९९८ साली अमेरिकेतील गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने रूढ केली. गूगलने २००० साली आपली जाहिरात-सेवा सुरू केली आणि २००२ साली तीत टिचकीमागे दर आकारण्याची पद्धत आणली. जाहिरातदार काही शब्द निवडतो, उदाहरणार्थ ‘बेळ्ळंदूर भाड्याने घर’, आणि एका टिचकीसाठी आपण जास्तीत जास्त किती देऊ ते सांगतो. कोणी ते शब्द शोधताच क्षणार्धात लिलाव होतो. बोलीची रक्कम आणि जाहिरातीची उपयुक्तता या दोहोंवरून तिचे स्थान ठरते.

जाहिरातीचे फळ मोजण्याची कल्पना मात्र जुनी आहे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरात-तज्ज्ञाने १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, जाहिरातीसोबत कापून पाठवायचे कूपन छापून उत्तरे मोजण्याचा आग्रह धरला होता. टिचकी हे त्या कूपनचेच आजचे रूप होय.

वरवरचा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका मध्यस्थाने महिन्यात जाहिरातीवर ४०,००० रुपये खर्च केले. टिचकीला ४० रुपये पडले, तर १,००० टिचक्या झाल्या. त्यांतील ४० जणांनी दूरध्वनी केला, १० जणांनी प्रत्यक्ष घरे पाहिली आणि दोघांनी प्रत्येकी ३५,००० रुपये भाड्याचे घर घेतले. एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली धरली, तर प्राप्ती ७०,००० रुपये झाली. म्हणजे ३०,००० रुपये उरले, असे दिसते.

पण या हिशेबात दोन उणिवा आहेत. पहिली, चाळीस जणांशी बोलण्यात आणि दहा जणांना घरे दाखवण्यात गेलेला वेळ, मदतनिसाचा पगार आणि पेट्रोल यांची नोंद नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. दोघांपैकी एकाने मध्यस्थाची पाटी आधीच पाहिली होती आणि त्याचे नाव टाकूनच शोध घेतला होता, असे समजा. जाहिरात नसती तरी तो आलाच असता. मग जाहिरातीमुळे झालेली प्राप्ती केवळ ३५,००० रुपये उरते. नफ्याच्या जागी ५,००० रुपयांचा तोटा दिसतो, आणि इतर खर्च त्याहून वेगळाच.

ईबे या मोठ्या विक्री-संस्थेत हाच प्रश्न प्रयोगाने तपासला गेला. स्वतःच्या नावाच्या शोधावरील जाहिराती तिने थांबवल्या, तेव्हा जवळजवळ सर्व ग्राहक जाहिरातीखालच्या विनामूल्य दुव्यावरून आले. इतर शब्दांवरील जाहिराती अमेरिकेच्या निवडक विभागांत बंद केल्यावर असे आढळले की, नेहमीच्या ग्राहकांवर त्यांचा परिणाम नगण्य होता. नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर मात्र तो होता. हे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. बेळ्ळंदूरचा मध्यस्थ ईबेइतका नामांकित नसतो. म्हणून जाहिरात बंदच करावी, असा निष्कर्ष यातून निघत नाही. नवा ग्राहक कोणत्या शब्दाने येतो, हे शोधावे, एवढाच बोध घ्यावा.

लहान धंद्यातील कसोटी

लहान धंद्याची अडचण अशी की व्यवहार थोडे असतात. महिन्याला सरासरी चार व्यवहार होत असतील, तर एखाद्या महिन्यात दोन किंवा सहा होणे हे केवळ योगायोगानेही घडते. म्हणून एका महिन्यावरून निर्णय करू नये. व्यवहारांबरोबर घर पाहायला आलेल्यांचीही संख्या मोजावी. ती मोठी असल्याने अधिक विश्वसनीय ठरते. विक्रीचा व्यवहार पूर्ण होण्यास कित्येक महिने लागू शकतात. तेव्हा प्राप्ती ग्राहक प्रथम आला त्या महिन्याच्या खाती मांडावी.

काळाचाही विचार हवा. जूनमध्ये शाळा सुरू होतात, म्हणून त्या सुमारास कुटुंबे घर बदलतात. २०२० च्या साथीत अनेक कर्मचारी आपापल्या गावी परतले. सप्टेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत हा परिसर जलमय झाला. अशा काळातील चढउताराचे श्रेय किंवा दोष जाहिरातीला देणे चुकीचे ठरेल. यावर साधा उपाय असा : एका महिन्यात कसवनहळ्ळीच्या शोधांवर जाहिरात द्यावी आणि हरळूरच्या बंद ठेवावी; पुढच्या महिन्यात उलट करावे. दोन्ही वस्त्यांतून आलेल्या एकूण ग्राहकांची, केवळ जाहिरातीवरून आलेल्यांची नव्हे, तुलना करावी. असे सहा महिने केल्यास ऋतूचा प्रभाव बराचसा वजा होतो.

अस्तित्वात नसलेले स्वस्त घर दाखवून टिचक्या भरपूर मिळतात, पण त्यांचे पैसे मध्यस्थालाच भरावे लागतात आणि आलेला ग्राहक निराश होऊन परततो. विक्रीच्या व्यवहारांबाबत तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने मध्यस्थाला नोंदणी बंधनकारक केली असून फसव्या जाहिरातीस मनाई केली आहे.

टिचक्यांची संख्या शोधयंत्र आपोआप सांगते. तो त्याच्या उत्पन्नाचा आकडा आहे. जाहिरातीविना किती ग्राहक आले असते, हा आकडा मध्यस्थाला स्वतःच्या वहीतूनच काढावा लागतो. त्याच्या घरखर्चाला उरणारी रक्कम या दुसऱ्या आकड्यावर अवलंबून असते.