लाकूडतोडीची चित्रे

जवस तुम्हांला ठाऊक आहे. कोणी त्याला अळशी म्हणतात. जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. सुतार मात्र जवसाचे तेल लाकडाला चोळतो. शेंगदाण्याचे तेल का चोळत नाही? कारण ते चिकटच राहते, त्यावर धूळ बसते. जवसाचे तेल हवा लागली की हळूहळू वाळते आणि त्याचा कडक पापुद्रा बनतो. हा गुण सगळ्या तेलांत नसतो.

चित्रकारांनी हा गुण फार पूर्वी ओळखला. रंगाची पूड जवसाच्या तेलात खलायची आणि कुंचल्याने कापडावर लावायची. तेल वाळले की रंग पक्का झाला. मग तो पाण्याने जात नाही आणि शेकडो वर्षे टिकतो. अशा चित्राला तैलचित्र म्हणतात. आणखी एक गंमत पाहा. ज्या कापडावर ही चित्रे काढतात, ते चांगल्यातले असेल तर जवसाच्याच झाडाच्या धाग्याचे असते. बियांचे तेल आणि देठाचे कापड!

लक्ष्मीची आणि सरस्वतीची जुनी तसबीर तुम्ही कुठे तरी पाहिली असेल. राजा रविवर्मा यांनी ती चित्रे तैलरंगात काढली आणि मग त्यांच्या छापखान्यात त्यांच्या हजारो प्रती निघाल्या. म्हणजे तैलचित्र आपल्याला अगदीच परके नाही.

पण तैलचित्र काही नुसते देवांचे आणि राजांचे नसते. या पाठात आम्ही ओंडक्यांची चित्रे दाखवणार आहोत. ओंडके, ते तोडणारी माणसे आणि मागे उरलेले खुंट. ही चित्रे अमेरिका आणि कॅनडा या देशांतली आहेत. तिथे एके काळी अफाट जंगल होते.

आधी घराचे पाहू. त्या जंगलात नवा वसाहतवाला येई, तेव्हा त्याच्याजवळ पुष्कळदा एक कुऱ्हाड असे आणि थोडे सामान. वीट नाही, चुना नाही. खिळे महाग. मग तो काय करी? झाडे पाडी, ओंडके सारख्या लांबीचे करी आणि त्यांच्या टोकांना खाच पाडी. एका ओंडक्याची खाच दुसऱ्यावर बसवायची. चारही कोपरे असे एकमेकांत अडकले की भिंत उभी राहते, खिळा लागत नाही. मधल्या फटींत माती आणि शेवाळ भरायचे. झाले घर! घराची ही रीत युरोपातल्या स्वीडन आणि फिनलंड या थंड मुलुखांतल्या लोकांनी अमेरिकेत नेली. १६३८ साली त्यांची पहिली वसाहत तिथे झाली.

असे एक घर थॉमस कोल या चित्रकाराने १८४७ साली रंगवले. कोल इंग्लंडात जन्मला आणि १८१८ साली अमेरिकेत आला. त्याच्या चित्रात तळ्याकाठी ओंडक्यांचे घर आहे. घरधनी मासे घेऊन परत येतो आहे. बायको आणि मुले वाट पाहत आहेत. मागे डोंगर, वर उजेड. पाहणाऱ्याला वाटते, काय सुखाचा संसार! पण चित्राच्या पुढच्या भागात पाहा. तिथे तोडलेल्या झाडांचे खुंट आहेत. कोल तिथे खुंट काढायला विसरला नाही. कुऱ्हाडीने जंगलाची कशी नासाडी होते आहे, हे त्याने १८३६ साली लेख लिहूनही सांगितले होते. एक गोष्ट मात्र चित्रात नाही. त्या जंगलात आधीपासून राहणारे लोक कुठे गेले? चित्र सुंदर आहे, पण त्याबद्दल ते गप्प आहे.

आता कॅनडात जाऊ. तिथले लाकडाचे काम हिवाळ्यात चाले. आपल्याला हे नवल वाटेल, कारण तिथे हिवाळ्यात बर्फ पडते. पण बर्फामुळेच काम सोपे होई. चाकाची गाडी जिथे रुतेल, तिथे बर्फावरून घसरगाडी सरसर जाते. घोडे जुंपायचे आणि ओंडके ओढत नदीकाठी न्यायचे. पन्नास-पन्नास माणसे एका मोठ्या ओंडक्यांच्या खोपटात राहत. मधोमध आगटी आणि छपराला धूर जायला भोक. खायला घेवड्याचे दाणे, खारवलेले डुकराचे मांस, पाव आणि चहा. घेवड्याचे भांडे तापलेल्या वाळूत पुरून ठेवत, ते सकाळपर्यंत शिजे.

प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर हातोडीने मालकाची खूण ठोकत. आपल्याकडेही जंगल खाते तोडलेल्या लाकडावर हातोड्याचा शिक्का मारते, तसेच. नदीत पुष्कळ मालकांचे ओंडके एकत्र होत, म्हणून ही खूण हवी.

वसंतात बर्फ वितळले की नद्या फुगत. ओढ्यांवर आधीच लाकडी बंधारे घातलेले असत. बंधाऱ्याचे दार उघडले की पाण्याचा लोंढा निघे आणि त्याबरोबर हजारो ओंडके धावत सुटत. त्यांच्या मागे माणसे. पायांत खिळे मारलेले बूट, हातात लोखंडी टोकाची लांब काठी. ती माणसे वाहत्या ओंडक्यांवर उभी राहत! ओंडका पाण्यात गोल फिरतो, हे ज्याने पुरात लाकूड धरले आहे त्याला सांगायला नको. कुठे ओंडके अडकले तर डोंगरासारखा ढीग होई. मग त्यातला नेमका कोणता ओंडका हलवला म्हणजे ढीग सुटेल, हे शोधायचे आणि तो हलवायचा. ढीग सुटला आणि माणूस वेळेवर बाजूला झाला नाही, तर संपले. कित्येक जण असे बुडाले.

तळ्यात पाणी वाहत नाही. तिथे ओंडक्यांचा मोठा घोळका साखळीने बांधत आणि तराफ्यावर घोडे ठेवत. घोडे एका उभ्या खांबाभोवती गोल फिरत, दोर गुंडाळला जाई आणि घोळका पुढे सरके. तेलाच्या घाण्याला आपला बैल फिरतो, अगदी तसे, पण पाण्यावर!

हे सगळे टॉम थॉमसन या चित्रकाराने जवळून पाहिले. तो १८७७ साली कॅनडात जन्मला. टोरांटो शहरात तो जाहिरातींची आणि छपाईची अक्षरे-चित्रे काढण्याची नोकरी करी. १९१२ पासून तो अल्गॉन्क्विन नावाच्या राखीव जंगलात जाऊ लागला. तिथे तो वाटाड्या झाला. १९१६ साली तो आगराखा झाला, म्हणजे रानात वणवा लागू नये म्हणून फिरणारा पहारेकरी. पण हे काम त्याला मानवले नाही. आगराख्याच्या पाठीवर इतके ओझे असे की रंगाच्या पेटीला जागाच उरत नसे. त्याने एका स्नेह्याला पत्रात लिहिले की दोन्ही कामे जमत नाहीत. तिथल्या लोकांना आपण चित्रे कशाला काढतो ते कळत नाही, फोटो काढला असता तर त्यांना आवडला असता, असेही त्याने लिहिले. आम्हांला वाटते, कोणत्याही गावात चित्रकार गेला तर लोक हेच म्हणतील.

थॉमसनची रीत अशी. रानात तो हातभरही नाही अशा लहान लाकडी फळीवर घाईने चित्र काढी. हिवाळ्यात शहरात परते आणि त्यातल्या काही फळ्या पाहून मोठी चित्रे रंगवी. शहरात तो कुठे राहत होता? चित्रकारांच्या एका इमारतीमागे एक लाकडी खोपट होते, त्यात. भाडे महिन्याला एक डॉलर.

त्याच खोपटात त्याने १९१६-१७ च्या हिवाळ्यात ओंडके नदीत सोडण्याचे मोठे चित्र काढले. चार फूट उंच आणि साडेचार फूट रुंद. चित्रात बंधारा आहे, पाणी आहे, ओंडक्यांची दाटी आहे आणि काठ्या घेतलेली माणसे आहेत. माणसांचे तोंडावळे दिसत नाहीत. ती लहान आहेत, वाकलेली आहेत, कामात आहेत. शेतात दूरवर निंदणी करणारी माणसे आपल्याला जशी ओळखू येतात, ती चेहऱ्यावरून नव्हे, पाठीच्या वाकण्यावरून, तसे हे आहे. त्याच सुमाराला त्याने ओंडक्यांच्या कामातल्या नावांचेही चित्र काढले. त्या नावा दोन्ही टोकांना निमुळत्या असत आणि अगदी उथळ पाण्यातही तरत.

८ जुलै १९१७ रोजी थॉमसन त्या जंगलातल्या कॅनू तळ्यावर नाव घेऊन निघाला, तो परत आला नाही. आठ दिवसांनी त्याचे प्रेत पाण्यात सापडले. वय ३९. तो कसा बुडाला, यावर लोक अजून वाद घालतात. आम्ही त्या वादात पडत नाही.

ओंडक्यांचे ते चित्र पुढे कोणी घेतले? कोणा सावकाराने नाही. १९२६ साली ऑन्टारिओच्या शेतकी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आणि नोकरांनी वर्गणी काढून ते विकत घेतले. शेती शिकणाऱ्या पोरांनी चित्रासाठी वर्गणी काढली, हे आम्हांला फार आवडले. आज ते चित्र ग्वेल्फ या गावी आहे.

आता कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेच्या समुद्रकाठी जाऊ. तिथली झाडे याहून किती तरी मोठी. दोनशे फुटांहून उंच! अशा झाडाचा बुंधा खाली फार फुगीर आणि चिकाने भरलेला असतो. म्हणून तोडणारे जमिनीवर उभे राहत नसत. बुंध्यात थोड्या उंचीवर खाचा पाडायच्या, त्यांत फळ्या खुपसायच्या, फळ्यांवर दोघांनी उभे राहायचे आणि लांब करवत ओढायची. झाड गेले तरी माणसाच्या उंचीचा खुंट राही आणि त्यावर त्या खाचा डोळ्यांसारख्या दिसत.

हे खुंट रंगवले एमिली कार या बाईने. ती १८७१ साली व्हिक्टोरिया गावी जन्मली. आईबाप लवकर वारले. ती अमेरिका, इंग्लंड आणि फ्रान्स येथे जाऊन चित्रकला शिकली. तरुणपणी तिने समुद्रकाठच्या आदिवासींची गावे आणि त्यांचे देवदार-जातीच्या लाकडात कोरलेले उंच खांब रंगवले. पण गावच्या लोकांना तिची चित्रे पसंत पडेनात. पोट तर भरले पाहिजे. १९१३ साली तिने भाडोत्री ठेवण्यासाठी घर बांधले. भाडेकऱ्यांची उस्तवार करायची, कुत्री पाळून विकायची, मातीची भांडी करून विकायची, असे पंधरा वर्षांच्या आसपास चालले. त्या काळात तिने चित्रे थोडीच काढली. बायामाणसांना हे सांगायला नको. घरचे काम पुरे होत नाही, तोवर हात मोकळा होत नाही.

१९२७ साली राजधानी ओटावा येथे तिची चित्रे मांडली गेली. त्या प्रवासात तिला दुसरे चित्रकार भेटले, त्यांनी तिची कदर केली. ती तेव्हा ५५ वर्षांची होती. त्या वयात तिने नव्याने सुरुवात केली. १९३३ साली तिने एक जुनी घरगाडी विकत घेतली. तिला ती ‘हत्ती’ म्हणे. ती गाडी ओढवून रानात न्यायची आणि आपण, कुत्री आणि एक माकडीण असे बिऱ्हाड थाटायचे. रंग आणि कापड महाग, म्हणून तिने युक्ती काढली. तैलरंगात पेट्रोल मिसळून तो पातळ करायचा आणि स्वस्त पिवळट कागदावर भराभर काढायचे. रंग लगेच वाळे, कागद गुंडाळून नेता येई.

ती तोडलेल्या रानात स्टूल टाकून बसे. झाड तोडताना शेवटी काय होते ते तुम्ही पाहिले आहे. करवत बरीच आत जाते, मग झाड कलते आणि उरलेला थोडा भाग कापला न जाता फाटतो. कर्र्र असा आवाज होतो. खुंटावर त्या जागी दातऱ्या सळया उभ्या राहतात. एमिलीने त्या सळयांना नाव ठेवले होते, ‘किंचाळणाऱ्या’. लाकूडतोड्या रोज तो आवाज ऐकतो आणि पुढच्या झाडाकडे जातो. त्याला मजुरी मिळवायची असते, त्याचा दोष नाही. एमिलीने तो आवाज खुंटावर पाहिला. १९३६ साली तिने तोडीनंतर पुन्हा उगवणाऱ्या कोवळ्या रानाचेही चित्र काढले.

तिचे १९३५ सालचे एक चित्र आहे. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर, ‘लाकूड म्हणून नाकारलेले, आभाळाचे लाडके’. चित्रात एकच उंच, बारीक झाड आहे. सोट सरळ गेलेला, शेंड्याला पानांचा छोटा झुपका. खाली सगळे रान तोडलेले. तोडणाऱ्यांनी या झाडाकडे पाहिले आणि हिशेब केला. बुंधा बारीक, फळ्या निघणार नाहीत, करवतीची मजुरीही सुटणार नाही. म्हणून ते सोडले. आता त्या झाडाभोवती आडोसा राहिला नाही आणि सगळे आभाळ त्याचे झाले. शेंड्याभोवती उजेडाची वर्तुळे आहेत. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी ती बाहेर बाहेर पसरत गेली आहेत. हे चित्र व्हँकुव्हर शहराच्या संग्रहालयात आहे.